बरणीवर वेळ लिहा

अलीकडेच एका सकाळी लॅबचं शटर वर सरकवलं तर पायरीवर एक मुलगा बसलेला. वय वीस-बावीस. मंगळवेढ्याकडून पहिल्या एसटीनं सोलापुरात उतरलेला, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत लोणच्याची प्लॅस्टिकची बरणी, झाकणाभोवती चिकटपट्टीचे चार वेढे. मला बघून तो उठला. "मॅडम, आईची गाठ आणलीय. गाडीत लई वास मारत हुता, लोक वरडायला लागले, म्हणून आतलं पाणी वतून दिलं. चालतंय न्हवं?"

त्याला आत बसवलं, चहा सांगितला. त्याची काही चूक नव्हती. जिथं त्याच्या आईचं स्तन काढलं, तिथं बरणी हातात देताना "लॅबला नेऊन द्या" याखेरीज कुणी एक शब्द बोललं नव्हतं. पाणी समजून त्यानं रस्त्याकडेला ओतलं ते फॉर्मालिन होतं. आणि त्याच्या आईला पुढची पाच वर्षं कुठलं औषध मिळणार, हे बऱ्याच अंशी त्या 'पाण्या'वर ठरणार होतं.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. सत्तावीस वर्षं गाठी कापते, त्यांचे पातळ काप काचेवर घेऊन बघते आणि रिपोर्ट लिहिते. माझं मागणं अगदी साधं आहे. स्तनाची गाठ शरीराबाहेर आली ती वेळ आणि ती फॉर्मालिनमध्ये बुडाली ती वेळ, दोन्ही बरणीवर लिहा. दोन्हींमध्ये तासाभरापेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका. एवढ्याशा गोष्टीसाठी वर्तमानपत्राची जागा का अडवायची, हे समजून घ्यायला पेशीच्या पोटात शिरावं लागतं.

इस्ट्रोजेन कोलेस्टेरॉलपासून बनतं, त्यामुळे ते जात्याच तेलकट. पेशीचं आवरणही तेलकटच. इन्शुलिनला पेशीच्या दाराशी थांबून आत निरोप धाडावा लागतो. इस्ट्रोजेन सरळ आत शिरतं. पण आत शिरलं म्हणजे त्याचं ऐकलं गेलं असं नाही. त्याला ओळखणारं कुणी आत असावं लागतं. १९५० च्या दशकात हे कुणाला ठाऊक नव्हतं. तेव्हाची समजूत अशी की इस्ट्रोजेन पेशीतल्या रासायनिक उलाढालीत स्वतः भाग घेतं, बदलतं, आणि त्या बदलातून त्याचं काम होतं. शिकागो विद्यापीठात एलवुड जेन्सन आणि हर्बर्ट जेकबसन यांनी इस्ट्राडायोलला किरणोत्सारी हायड्रोजनची खूण लावली आणि अगदी सूक्ष्म मात्रा वयात न आलेल्या उंदरांच्या माद्यांना टोचली. बाकी बहुतेक ठिकाणी ते आलं आणि गेलं. गर्भाशयात मात्र ते टिकून राहिलं, आणि होतं तसंच, जराही न बदलता राहिलं. याचा अर्थ त्याला तिथं कुणीतरी धरून ठेवत होतं. १९५८ मध्ये जेन्सन यांनी हे व्हिएन्नातल्या परिषदेत मांडलं तेव्हा समोर पाच माणसं होती, त्यातलेही बहुतेक त्याच सत्रातले वक्ते. तो 'धरून ठेवणारा' म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर. मराठीत त्याला ग्राही म्हणतात, आणि मला तो शब्द फार आवडतो. ग्रहण करणारा.

ग्राहीच नसेल तर काय होतं, याचं एक उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका अठ्ठावीस वर्षांच्या पुरुषाची हकीकत प्रसिद्ध केली. उंची २०४ सेंटीमीटर, आणि अजूनही वाढतेच आहे. हाडांची टोकं मिटलेली नाहीत, हाडं ठिसूळ. रक्तात इस्ट्रोजेन हवं त्याहून जास्तच, पण त्याच्या ग्राहीच्या जनुकात दोष होता. इस्ट्रोजेन हे फक्त बायकांचं संप्रेरक, असं ज्यांना वाटतं त्यांनीही हा माणूस लक्षात ठेवावा. निरोप येत राहतो, पण घेणारा नाही.

हा ग्राही पेशीत नेमका बसतो कुठं? बरीच वर्षं मानलं जायचं की तो बाहेरच्या भागात वाट बघतो आणि इस्ट्रोजेन भेटल्यावर त्याला घेऊन केंद्रकात जातो. जेन्सन यांच्याच प्रयोगशाळेत जेफ्री ग्रीन यांनी ग्राहीला नेमकं चिकटणारी प्रतिपिंडं तयार केली. १९८४ मध्ये ती वापरून पाहिलं, तर रंग उमटला फक्त केंद्रकात, इस्ट्रोजेन असो वा नसो. त्याच वर्षी विस्कॉन्सिनमधल्या जॅक गोर्स्की यांच्या गटानं वेगळ्या रीतीनं तेच दाखवलं. ग्राही आधीपासूनच घरात, देवघरात बसलेला होता. पाहुणाच चालत त्याच्यापर्यंत येत होता. माझ्या एमबीबीएसच्या पुस्तकात तरीही बाहेरून केंद्रकात जाणारा जुनाच बाण छापलेला होता.

इस्ट्रोजेन या ग्राहीच्या खोबणीत उतरलं की प्रथिनाचं बारावं वेटोळं झाकणासारखं फिरून खोबणीवर बसतं. झाकण बसल्यामुळे ग्राहीच्या पाठीवर एक नवी खाच तयार होते. तिथं मदतनीस प्रथिनं येऊन चिकटतात. दोन ग्राही जोडीनं डीएनएवरच्या तेरा अक्षरांच्या एका खुणेवर बसतात: पाच अक्षरं, मध्ये कुठलीही तीन, आणि पुन्हा पाच, जणू पहिल्यांचं आरशातलं रूप. मग शेजारचं जनुक वाचलं जायला लागतं. वाढ, विभाजन, नवी प्रथिनं, सारं तिथून सुरू. त्या नव्या प्रथिनांतलं एक म्हणजे प्रोजेस्टेरॉनचा ग्राही. तुमच्या आईच्या, बहिणीच्या रिपोर्टवर 'ईआर'च्या खाली 'पीआर' लिहिलेलं असतं ते म्हणूनच. ईआर म्हणजे निरोप घेणारा जागेवर आहे. पीआर म्हणजे त्यानं निरोप घेऊन कामही केलं. १९७५ मध्ये कॅथरिन हॉर्विट्झ आणि विल्यम मॅग्वायर यांनी हा तर्क मांडला आणि आम्ही आजही रोज त्यावरच चालतो.

इस्ट्रोजेनचा आणखी एक, घाईचा रस्ताही आहे. १९६७ मध्ये क्लारा झेगो आणि जून डेव्हिस यांनी दाखवलं की इस्ट्राडायोल दिल्यावर अवघ्या काही सेकंदांत गर्भाशयाच्या पेशींत रासायनिक हालचाल सुरू होते. एवढ्यात जनुक वाचून प्रथिन बनवणं शक्यच नाही. काही ग्राही पेशीच्या आवरणापाशीही असतात, हे पुढं मान्य झालं. पण माझ्या काचेवर ते दिसत नाहीत. मला मोजायची असतात ती केंद्रकं, आणि औषधही त्यांच्यावरच ठरतं.

ते औषध म्हणजे टॅमॉक्सिफेन. इंग्लंडात आयसीआय कंपनीच्या डोरा रिचर्डसन यांनी १९६२ मध्ये ते घडवलं, गर्भनिरोधक म्हणून. ते जमलं नाही. पण १९७१ मध्ये मँचेस्टरच्या क्रिस्टी हॉस्पिटलमधून पहिली बातमी आली की स्तनाचा पसरलेला कॅन्सर त्यानं मागं हटतो. हा रेणू इस्ट्रोजेनच्या जागी खोबणीत बसतो, पण त्याला एक लांबट शेपूट आहे. ते बाहेर राहतं आणि झाकण बसू देत नाही. झाकण उलट त्या पाठीवरच्या खाचेत जाऊन पडतं, मदतनीसांना जागाच उरत नाही. हे चित्र १९९८ मध्ये स्पष्ट झालं, आणि त्या कामात प्रतिपिंडंवाले ग्रीनही होते. ग्राही असलेल्या कॅन्सरमध्ये पाच वर्षं रोज एक गोळी घेतली, तर पंधरा वर्षांत त्या कॅन्सरनं होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी होतात. ग्राही नसेल तर गोळीचा उपयोग जवळपास शून्य. एक गोळी कटिंग चहाहून स्वस्त पडते.

म्हणजे सगळं एका प्रश्नावर येऊन थांबतं: केंद्रक तपकिरी आहे की निळं?

माझ्या लॅबमध्ये हे कसं ठरतं ते सांगते. गाठीचा तुकडा मेणात पक्का बसवतो. त्याचे चार मायक्रॉनचे काप काढतो, काचेवर घेतो, झायलीननं मेण उतरवतो. मग काचा चक्क प्रेशर कुकरमध्ये घालून शिट्टीपर्यंत उकळतो. तुमच्या घरात असतो तोच कुकर, फक्त आत डाळीऐवजी सायट्रेटचं पाणी. फॉर्मालिननं घट्ट बांधलेलं प्रथिन त्या वाफेनं जरा सैल होतं आणि प्रतिपिंडाला ग्राही ओळखता येतो. जिथं ओळख पटते तिथं तपकिरी रंग, बाकी सगळीकडे निळा. शंभरातलं एक केंद्रक जरी तपकिरी दिसलं तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह. पहिल्यांदा ही स्लाइड बघितली तेव्हा मी कितीतरी वेळ भिंगावरून डोळा काढला नव्हता. निळ्या अंगणात कुणी मूठभर मोहरी उधळावी तसं दिसतं ते.

पण ग्राही हे प्रथिन आहे, दगड नाही. गाठीचा रक्तपुरवठा तुटला की पेशी उपाशी मरायला लागते, तिची स्वतःचीच पाचकं तिला खायला लागतात, आणि प्रतिपिंड ज्या आकारानं ग्राहीला ओळखतं तो आकार हळूहळू मोडतो. फॉर्मालिन हे सगळं जिथल्या तिथं थांबवतं, पण ते आत मुरतं सावकाश, तासाला साधारण एक मिलिमीटर. आख्खं स्तन न कापता बरणीत कोंबलं, तर कड पक्की होते आणि मध्यावरची गाठ कच्चीच राहते. कापताना हाताला लगेच कळतं: बाहेरचा भाग घट्ट, करडा, आतला मऊ, गुलाबीसर, सुरीला चिकटणारा. यातला घात असा की साध्या रंगात कॅन्सर तरीही ओळखू येतो. रिपोर्ट व्यवस्थित दिसतो. हरवतो तो फक्त ग्राही, आणि हरवला हे कुणाच्या लक्षात येत नाही. शून्य लिहिलं जातं.

माझ्या हातून ते लिहिलं गेलंय. २००९ सालची गोष्ट. बार्शीकडची एक अंगणवाडी सेविका, वय चव्वेचाळीस. ईआर शून्य, पीआर शून्य, तिसरी चाचणीही निगेटिव्ह. 'ट्रिपल निगेटिव्ह' असा शिक्का बसला. केमो झाली, शेक झाला, गोळी दिली नाही, कारण माझ्या रिपोर्टनुसार तिचा उपयोगच नव्हता. तिसऱ्या वर्षी गळपट्टीच्या हाडावर गाठ आली. सुईनं काढलेला तुकडा माझ्याकडेच आला आणि एकूण एक केंद्रक गडद तपकिरी निघालं. ग्राहीच्या मोजणीत आठपैकी आठ गुण.

कॅन्सर कधीकधी खरोखरच स्वभाव बदलतो, हे मला माहीत आहे. म्हणून जुनी स्लाइड कपाटातून काढली. कॅन्सरच्या शेजारी स्तनाच्या निरोगी नळ्यांचे दोन झुबके होते. निरोगी नळ्यांत थोडी तरी केंद्रकं तपकिरी असायलाच हवीत. तीच आमची घरातली साक्ष. ती सगळी निळी होती. म्हणजे निगेटिव्ह तो कॅन्सर नव्हता, ती आख्खी स्लाइड होती. २००९ मध्ये मी त्या नळ्यांकडे बघितलंच नव्हतं. दवाखान्यात चौकशी केली तेव्हा कळलं, ऑपरेशन संध्याकाळी झालं, नातेवाईक सकाळी येणार म्हणून गाठ रात्रभर सलाइनमध्ये ठेवली होती.

मी तिला समोर बसवून सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं, "बाई, म्हंजी गोळी तवाच चालू झाली असती?" मी हो म्हणाले. गोळीनं ती नक्की वाचली असती असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण तिच्या वाट्याची गोळीची ती तीन वर्षं तिला मिळाली नाहीत. पुढं गोळ्यांवर ती आणखी चार वर्षं होती. दर दिवाळीला लाडवांचा डबा घेऊन यायची, आणि मला तो घेताना मान वर करवत नसे.

भारतातल्या बायकांत ईआर पॉझिटिव्हचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी, असं आपण वर्षानुवर्षं वाचत आलो. आपल्याकडे हा आजार तरुण वयात जास्त दिसतो, हे त्याचं एक खरं कारण आहे. पण त्या आकड्यात किती बरण्या बुडालेल्या आहेत, हा प्रश्न आम्हा पॅथॉलॉजिस्टांना झोपू देत नाही.

२०१० मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या आणि पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनांनी मिळून नियम घालून दिला: गाठ काढल्यापासून तासाभरात फॉर्मालिनमध्ये, आणि तिथं किमान सहा, जास्तीत जास्त बहात्तर तास. आपल्याकडची मोठी कॅन्सर रुग्णालयं हे काटेकोर पाळतात. पण सोलापूर, लातूर, धाराशिव, बीड इथल्या किती बायकांचं ऑपरेशन मोठ्या रुग्णालयात होतं? बहुतेकींचं तालुक्याच्या गावी, वीस खाटांच्या दवाखान्यात होतं. तिथले सर्जन मन लावून काम करतात, मी त्यांना ओळखते. त्यांचं म्हणणंही मला मान्य आहे: एक सिस्टर, एक मामा, पुढची सिझेरियन टेबलावर, गाठीकडे कोण बघणार? पण फॉर्मालिन आधीच भरून ठेवलेली, रुंद तोंडाची बादली ऑपरेशन थिएटरच्या, म्हणजे ओटीच्या, कोपऱ्यात असेल, तर गाठ त्यात सोडायला अर्धं मिनिटही लागत नाही. गाठीच्या दहापट तरी फॉर्मालिन, तेही फॉस्फेटचे क्षार घातलेलं. नळाचं पाणी ओतून वाढवलेलं नको. आणि मागच्या, छातीच्या बाजूनं गाठीपर्यंत एक खोल चीर. कडा बिघडतील अशी भीती सर्जनना वाटते, आणि ती रास्त आहे. म्हणून चीर कुठं द्यायची ते आपल्या पॅथॉलॉजिस्टला एकदा फोन करून ठरवून घ्या. आम्ही फोन उचलतो.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे ऑपरेशनच्या आधी जाड सुईनं तुकडा काढणं. काडीएवढा तुकडा, फॉर्मालिन त्यात भरभर मुरतं आणि ग्राही जसाच्या तसा मिळतो. पण आपल्या गावागावांत पक्कं बसलंय की सुई लावली की कॅन्सर पसरतो. कित्येक घरांत मी हे ऐकलंय, शिकलेल्या माणसांकडूनही. सुईनं कॅन्सर बळावत नाही. सुई न लावता घाईनं गाठ काढली तर मात्र पुढच्या औषधाचा पत्ताच हरवू शकतो.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून या ऑपरेशनचे पैसे दवाखान्याला मिळतात. दाव्याला कागद जोडावे लागतातच. त्या कागदांत या दोन वेळांचे रकाने असावेत, आणि ते रिकामे असतील तर दावा पुढं सरकू नये. आरोग्य खात्याच्या एका परिपत्रकानं हे होईल. नवं यंत्र नको, नवी इमारत नको. आमच्या व्यवसायालाही माझं सांगणं आहे: शेजारच्या निरोगी नळ्या निळ्या असतील तर 'निगेटिव्ह' लिहू नका. 'निष्कर्ष काढता येत नाही' असं लिहा, आणि दुसरा तुकडा मागा. सर्जन रागावतील, नातेवाईक म्हणतील लॅबला जमत नाही. म्हणू देत.

आणि ज्यांच्या घरात हे चाललंय त्यांना: गाठ नेताना विचारा, ही कधी काढली, कशात ठेवली? बरणी उघडू नका. वास आला तर पिशवीला दुसरी पिशवी घाला, पण आतलं द्रव ओतू नका.

त्या मंगळवेढ्याच्या मुलाच्या आईची बरणी मी त्याच सकाळी उघडली. जे व्हायचं ते झालं होतं. मोठ्या गाठीत ईआर शून्य आला आणि शेजारच्या नळ्याही कोऱ्या निघाल्या. पण पिशवीच्या तळाशी आणखी एक छोटी बाटली होती, काखेतल्या अवधाणांची. ती त्याला दिसली नव्हती, म्हणून उघडली गेली नव्हती. आतलं फॉर्मालिन काठोकाठ. त्यातल्या एका अवधाणात कॅन्सर पोचलेला होता. त्याच्यावर चाचणी लावली, दुसऱ्या दिवशी स्लाइड भिंगाखाली सरकवली, आणि सगळीकडे तपकिरी मोहरी. आठपैकी सात. मी त्याला फोन केला तेव्हा तो रानात होता. "म्हंजी गोळी चालंल?" त्यानं विचारलं. चालेल, म्हटलं. पाच वर्षं, एकही दिवस न चुकवता.

काल त्याच भागातल्या दुसऱ्या एका दवाखान्यातून बरणी आली. रुंद तोंडाची, फॉर्मालिन भरपूर. लेबलवर बॉलपेननं लिहिलेलं: 'काढली – दुपारी २.१०'. त्याच्या खाली 'फॉर्मालिनमध्ये' असं लिहून पुढं मोकळी जागा सोडलेली. मी हातमोजे काढले आणि ओटीला फोन लावला.